'नोंद घेतली' म्हणजे नक्की काय घेतलं? (जनसुनावणीला गेलेल्यांनी लिहा)

ओढ्याकाठी | शनिवार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गावच्या शिवारातून नवीन मोठा रस्ता जाणारे. कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव घेतलं की इथे लगेच दोन पार्ट्या पडतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. मागच्या आठवड्यात तालुक्याला त्याची पर्यावरण जनसुनावणी झाली. काकांची साडेतीन एकर त्यात जातीये म्हणून मी पुण्याहून सुट्टी टाकून गेलो.

मंगल कार्यालयात होती. लग्नातल्यासारख्या झालरीच्या खुर्च्या, दारात पोलिसांच्या तीन गाड्या, आत गेल्या गेल्या सही करा आणि पाण्याची बाटली घ्या. आधी पडद्यावर ड्रोनची फिल्म, मागे बासरी. मग एका मुलाने पाऊण तास धूलिकण आणि डेसिबल वाचून दाखवले, त्याचाही दोष नाही, त्याला तेच काम दिलेलं. मग लोकांचे प्रश्न. माझी काकू उठली, आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात घेतला असेल. म्हणाली, साहेब तुमच्या नकाशात ओढा जिथं दाखवलाय तिथं तो आता नाही, ज्या वर्षी मोठा पाऊस झाला त्या वर्षी त्याने वाट बदलली, आता तो खालच्या आंब्याकडून येतो, तुम्ही मोरी जुन्या जागी बांधली तर रस्त्याचा भराव धरणासारखा उभा राहील आणि सगळं पाणी आमच्या वस्तीत. समोरून उत्तर आलं, "नोंद घेतली."

पुढे कोणी काहीही विचारलं तरी हेच. मी मोजायला लागलो, चौतीसपर्यंत मोजलं मग चहा आला.

तर प्रश्न हा की ही नोंद जाते कुठे? कोणी वाचतं का? की आपण आपलं मन मोकळं करून बाटली घेऊन घरी यायचं?

---

चकाट्या | शनिवार

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाकी चौतीस वेळा मोजल्याबद्दल दंडवत.

---

मोजपट्टी | शनिवार

ओढ्याकाठी, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला माणूस आहे. सल्लागार कंपनीत होतो, आता निवृत्त. त्यामुळे शिव्या घालायच्या असतील तर घाला पण आधी वाचा.

हे सगळं चालतं २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखाली. त्यात चार पायऱ्या आहेत. पहिली, प्रकल्पाला हे लागू होतं का ते बघणं. दुसरी, अभ्यास कशाकशाचा करायचा ते ठरवणं. तिसरी लोकांशी विचारविनिमय, म्हणजे तुमची सुनावणी. चौथी, तज्ज्ञ समितीपुढे छाननी. आता गंमत बघा. अभ्यास कशाचा करायचा हे दुसऱ्या पायरीला ठरतं आणि लोक येतात तिसऱ्या पायरीला. म्हणजे प्रश्नपत्रिका काढून, सोडवून, बांधणी करून झाली की मग लोकांना विचारायचं काही राहिलं का. काकूंचा ओढा दुसऱ्या पायरीला हवा होता.

तरी नोंद अगदीच वाया जात नाही. सुनावणीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत तिथेच वाचून दाखवायचा असतो (तुमच्याकडे वाचला का? बहुतेक ठिकाणी तोवर जेवणाची गडबड सुरू झालेली असते). लोकांनी काय विचारलं आणि कंपनीने काय उत्तर दिलं याचा तक्ता इतिवृत्ताला जोडून पुढे जातो, आणि समितीतला एखादा सदस्य खरंच वाचणारा असला तर तोच तक्ता समोर धरून आम्हाला फाडतो. मी दोनदा फाडून घेतलंय. पण त्यासाठी मुद्दा नेमका लागतो. 'आमचं नुकसान होईल' याला आम्ही 'योग्य ती उपाययोजना करण्यात येईल' असं डोळे मिटून लिहितो. 'अमुक गटात मोरी चुकीच्या जागी आहे' याला उत्तर देताना घाम फुटतो.

आणि एक, ही सुनावणी म्हणजे मतदान नाही. हजार लोक विरोधात बोलले म्हणून प्रकल्प रद्द होत नाही. कोरमसुद्धा नाही, चार टाळकी आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. त्यामुळे बहिष्कार टाकून उपयोग काय होतो हे मला कधी कळलं नाही.

---

कातळसडा | शनिवार

बहिष्काराचा उपयोग तुम्हाला कळणार नाही मोजपट्टी, कारण तुम्ही टेबलाच्या पलीकडे होतात.

मी राजापूर तालुक्यातला. आमच्याकडे माडबनचा (जैतापूरचा) अणुऊर्जा प्रकल्प आला, मग नाणारची रिफायनरी २०१७ ला अधिसूचित झाली आणि निवडणुकीच्या तोंडावर २०१९ ला रद्द झाली, मग तीच बारसूला आली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) माती परीक्षणाला गाड्या आल्या तेव्हा बायका उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, नंतर अश्रुधूर वगैरे, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. सरकार म्हणत होतं, नुसतं माती परीक्षण आहे, प्रकल्प ठरलेला नाही, चर्चा करू. अहो पण आधी ड्रिल आणि मग चर्चा हा काय क्रम झाला? पोरगी बघायला येताना मांडववाला सोबत आणण्यासारखं आहे हे.

आणि शब्दांत कसं पकडतात बघा. कागदावर आमचा सडा म्हणजे 'पडीक'. पावसाळ्यात सड्यावर या एकदा. गवत, गुरं, खोलगट जागेतला भात, फुलं, आणि सड्यावर मुरलेलं पाणी खाली विहिरींना येतं. त्यात बारसूची कातळशिल्पं, कोकणातली जी शिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली त्यातली. पडीक म्हणे!

खरं ते पण सांगतो, गावात सगळे विरोधात नाहीत. राजापूर बाजारात समर्थक भेटतील, मुंबईत दहा बाय दहात राहणारी आणि परत यायला कारण शोधणारी पोरं भेटतील. त्यांचंही कोणी नीट ऐकलं नाही. दोन्ही बाजूंना मोर्चातच बोलायला मिळालं, दुसरी जागाच नव्हती.

---

रोखठोक_भाऊ | रविवार

आता जरा उलटी बाजू. तुम्ही विचारत बसा, तोवर खर्च वाढतो तो कोण भरतो? मुंबई मेट्रो ३ चा मूळ अंदाज २३,१३६ कोटी होता, शेवटी ३७,२७६ कोटी झाला. आरेची कारशेड, तिथून कांजूरमार्ग, तिथून परत आरे. त्या कोर्टकचेरीत गेलेली वर्षं कोणी परत देणारे का? लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारा की, तोही 'स्टेकहोल्डर', म्हणजे संबंधितच ना. तो नसतो कधी सुनावणीला, कारण तो कामावर असतो.

---

चकाट्या | रविवार

भाऊंच्या शेवटच्या वाक्याला +१. पहिल्या पाचांना −१.

---

भरती_ओहोटी | रविवार

रोखठोक, सगळी वाढ आंदोलनाच्या खात्यावर टाकू नका हो, भुयारी मेट्रोत बाकी हजार भानगडी असतात. आरेत लोकांनी हजारोंनी लेखी हरकती दिल्या होत्या. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडायला लागली. सोमवारी सुप्रीम कोर्ट थांबा म्हणालं तोवर दोन हजारांच्या वर झाडं गेली होती. शेवटी कारशेड तिथेच झाली, मी स्वतः त्या मेट्रोने जाते, छान आहे. पण रात्री झाडं कापणाऱ्या यंत्रणेवर पुढच्या वेळी विश्वास ठेवा म्हणून सांगायला कोण जाणार?

मला सांगायचंय वरळीचं. माझी आत्या कोळीवाड्यात दिलेली, लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. कोस्टल रोड सी लिंकला जोडताना क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून पूल जाणार होता आणि दोन खांबांमधलं अंतर ठेवलं होतं ६० मीटर. कागदावर ६० मीटर पुष्कळ वाटतं. आमची होडी किती, दोन-तीन मीटर रुंद. एवढ्यातून ट्रक जातात की!

पण होडी म्हणजे ट्रक नाही. पाण्याखाली खडक आहेत, ते चुकवून यावं लागतं, वाट सरळ नसते. पावसाच्या तोंडाला वारा आडवा, करंट खेचतो, होडी सरळ पुढे जातच नाही, तिरकी जाते, एखादी येताना दुसरी निघालेली असते. खांबावर आपटली तर संपलं. नाखवा लोक म्हणाले किमान १६० हवेत. त्यांना सांगितलं गेलं की अभ्यास झालाय, ६० पुरेत. मग काय, होड्या समुद्रात उभ्या करून काम अडवलं. वर्षं गेली. डिसेंबर २०२२ ला मुख्यमंत्र्यांनी १२० मीटर मान्य केले.

म्हणजे मधला एक खांब काढायचा. झालं एवढंच! आणि एवढ्यासाठी काम रखडलं, डिझाईन बदललं, लोकांवर केसेस. पहिला नकाशा काढायच्या आधी एका सकाळी एका इंजिनिअरला होडीत बसवून बंदराच्या तोंडातून आत-बाहेर केलं असतं तर त्याने स्वतःच खांब हलवला असता, उलट्या झाल्या असत्या ते वेगळं.

---

मोजपट्टी | रविवार

भरती_ओहोटी, हे वाचून गप्प झालो. खरं सांगायचं तर आम्हाला होडीत बसायला वेळ आणि पैसा मंजूर नसतो. 'सार्वजनिक विचारविनिमय' या खात्यात जे पैसे धरतात ते मांडव, माईक, बाटल्या आणि जाहिरातीचे. बस.

---

सोयाबीन_क्विंटल | रविवार

आमच्याकडून समृद्धी गेला. ७०१ किमी, १० जिल्हे, ३९२ गावं. सुरुवातीला सरकार म्हणे जमीन एकत्रीकरण, म्हणजे जमीन द्या, त्या बदल्यात दुसरीकडे विकसित प्लॉट घ्या. लोकांनी गावात शिरू दिलं नाही. मग थेट खरेदी आली, रेडीरेकनरच्या हिशोबाने पाचपट, आणि गावोगाव 'संवादक' नेमले. आमचा संवादक चांगला पोरगा होता, शेतकऱ्याचाच मुलगा, त्याला विहिरीला किती धरलं, डाळिंबाच्या झाडाला किती, ते बांधावर बसून हिशोब करून दाखवता यायचं. तलाठ्याकडे पण सोबत यायचा.

पण ते संवाद नाव फसवं आहे. रस्ता कुठून जावा यावर संवाद नव्हता, भाव काय यावर होता. भाव पटला, पैसे खरंच खात्यात पडले, एकाचे पडले बघून दुसऱ्याने रजिस्ट्री केली. विरोध गेला तो समजावून नाही, पासबुक बघून. मी स्वतः केली, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरचं कोणी लिहीत नाही. सातबारावर बहिणींची नावं. इतकी वर्षं कोणाला आठवण नव्हती, आता सहीला बहिणी हव्या. कुठे बहिणीला साडी देऊन हक्कसोड करून घेतलं, कुठे बहीण वकील घेऊन आली आणि बरोबर केलं तिने. सख्खे भाऊ बोलत नाहीत अशी घरं आमच्या गावात मोजून दाखवतो. आणि मजूर? ज्याच्या नावावर गुंठा नाही पण वर्षाचे दोनशे दिवस त्या रानात राबत होता, त्याला एक रुपया नाही, त्याच्याशी कुठला संवादक बोलला नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, त्यात मजूर पण मोजायचे असतात. थेट खरेदीत तो प्रकारच येत नाही, राजीखुशीचा सौदा ना तो.

---

वडखळ_नाका | सोमवार

सार्वमताचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. २१ सप्टेंबर २००८, पेण तालुका, महामुंबई सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र). हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जिल्हाधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांचं मत घेतलं, जमीन सेझला द्यायची की नाही. मी तेव्हा कॉलेजात, आजोबांना टेम्पोने केंद्रावर नेलेलं. आजोबा धुवट सदरा घालून, टोपी घालून. म्हणाले, आमदारकीला मत दिलं, खासदारकीला दिलं, माझ्या शेताबद्दल मत पहिल्यांदा कोणी मागितलं.

कौल प्रचंड विरोधात होता, पेपरात आलं. पुढच्या वर्षी संपादनाची मुदतही संपली आणि सेझ झाला नाही. सार्वमतामुळे किती आणि मुदतीमुळे किती यावर आमच्या नाक्यावर अजून भांडणं होतात. पण त्यानंतर कुठल्या प्रकल्पाला असं मत घेतलेलं मी तरी ऐकलं नाही. एकदा चव बघितली आणि पातेलं झाकून ठेवलं.

---

नेकरकाठ | सोमवार

जर्मनीतून लिहितेय, श्टुटगार्ट. (अवांतर: मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून जुळी शहरं आहेत, इथे कोणालाही विचारा, माहीत नसतं.) आपल्याकडेच असं होतं असं समजू नका. इथे स्टेशन जमिनीखाली न्यायचा प्रकल्प, श्टुटगार्ट २१. सगळ्या परवानग्या रीतसर, हरकतींची मुदतही रीतसर होऊन गेलेली. विरोध आधीपासून होता, पण भडका उडाला तो बागेतली जुनी झाडं कापायला आले तेव्हा. ३० सप्टेंबर २०१० ला पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, शंभराच्या वर जखमी, एका निवृत्त इंजिनिअरची दृष्टी जवळपास गेली.

त्यानंतर हायनर गाइसलर नावाच्या जुन्या राजकारण्याला मध्यस्थ नेमलं. एका टेबलाच्या एका बाजूला रेल्वेचे इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला विरोधकांचे इंजिनिअर, आणि सगळं टीव्हीवर थेट, दिवसभर. कोणी जड तांत्रिक शब्द वापरला की गाइसलर थांबवायचे, हे लोकांच्या भाषेत सांगा म्हणून. माझी घरमालकीण आजी स्वयंपाक करता करता फलाटाच्या उतारावर मत द्यायला लागली होती. २०११ च्या नोव्हेंबरला राज्यात मतदान झालं, प्रकल्पातून माघार नको असं ५८.९ टक्के म्हणाले. विरोधक हरले. तरी सोमवारची निदर्शनं चालूच राहिली! खर्च साडेचार अब्ज युरोवरून अकरा अब्जांच्या वर गेला. २०१३ मध्ये कायद्यात कलम घातलं की मोठ्या प्रकल्पात अर्ज करायच्या आधीच लोकांशी बोलणं सुरू करावं. हे शहाणपण एवढ्या पैशांना पडलं.

---

रोखठोक_भाऊ | सोमवार

मतदानाने पण खर्च वाढलाच की मग. माझा मुद्दा सिद्ध.

---

नेकरकाठ | सोमवार

मतदानाने नाही हो, बाकी कारणांबरोबर दगडाने. बोगद्याच्या वाटेतला खडक पाणी शोषून फुगतो, त्यात सावधपणे खोदावं लागतं. आणि हे आधीपासून ओरडून सांगणाऱ्यांत विरोधी बाजूचे इंजिनिअर पण होते.

---

मांडवीपार | सोमवार

गोंयकार हांगा! मराठीत लिहितो. मोलेंच्या जंगलातून रेल्वे दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि हायवे असे तीन प्रकल्प आले ते लॉकडाऊनच्या काळात, म्हणजे माणूस घराबाहेर पडला तर दंड. पोरांनी चित्रं काढली, गाणी केली, ईमेल पाठवले, आणि रात्री रुळांवर जाऊन पण बसली. पण खरं काम झालं फायलीत. फुलपाखरं, बेडूक, साप यांचा अभ्यास करणाऱ्या लोकांनी अहवालातल्या चुका एकेक करून काढल्या आणि सुप्रीम कोर्टाच्या समितीपुढे ठेवल्या. २०२२ च्या मे महिन्यात कोर्टाने रेल्वेची वन्यजीव परवानगी रद्द केली. ओढ्याकाठी, तुमच्या काकूला सांगा, बोलली ते बरं केलं, आता कागद करा.

---

कातळसडा | सोमवार

कागद करा, कागद करा. कागद इंग्रजीत असतो त्याचं काय? २०२० ला नव्या पर्यावरण अधिसूचनेचा मसुदा आला, सुनावणीची नोटीस ३० दिवसांवरून २० वर आणणारा, तो सुद्धा इंग्रजी-हिंदीत. बाकी भाषांत भाषांतर करा म्हणून दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं. आणि मराठी सारांश हातात पडतो तेव्हा 'ध्वनी प्रदूषण शमन उपाययोजनांची अंमलबजावणी प्रस्तावित करण्यात येत आहे' असला. ही मराठी मला बी.ए. होऊन कळत नाही, काकूला काय कळणार.

---

ओढ्याकाठी | बुधवार

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मोजपट्टी, तुम्ही म्हणालात म्हणून इतिवृत्त मिळवलं. काकूचं अख्खं बोलणं एका ओळीत आलंय: "स्थानिक महिलेने पाण्याबाबत चिंता व्यक्त केली." पुढच्या रकान्यात, बरोबर ओळखलंत, "योग्य ती उपाययोजना करण्यात येईल."

काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी चिंता कुठं केली, मी त्यांना वाट सांगितली.

---

मोजपट्टी | बुधवार

काकूंना नमस्कार सांगा. आता असं करा. एक पानाचं निवेदन, मराठीतच. गट नंबर, जुना ओढा कुठे, नवा कुठे, दोन्हीचे फोटो, जमलं तर मोबाईलवरून लोकेशन. दोन वाक्यं, मोरी जुन्या जागी राहिली तर काय होईल आणि कुठे हलवावी. एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला, एक जिल्हाधिकारी, एक प्रकल्पवाल्यांना, पोच घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोरीचा साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासून ती किती अंतरावर आहे तो आकडा) लिहा. तो लिहिलात की ड्रॉइंगवर नेमकी तीच मोरी सापडते, मग 'स्थानिक महिला' म्हणून उडवता येत नाही.

---

ओढ्याकाठी | बुधवार

साखळी क्रमांक कुठून काढू?

---

मोजपट्टी | बुधवार

सोपं आहे. सर्वेवाल्यांनी शेतात खुणेचे दगड रोवलेत ना, त्यावर तांबड्या रंगात लिहिलेला असतो. ओढ्याजवळचा दगड बघा फक्त.

---

ओढ्याकाठी | बुधवार

काकांनी तो मे महिन्यातच उपटला. गावातल्या सगळ्यांनीच उपटले, ग्रामसभेत ठरलं होतं तसं. आत्ता फोन केला तर म्हणाले, आमचा गोठ्यात आहे, म्हशीच्या खुंट्याला लावलाय, आकडा भिंतीच्या बाजूला गेलाय. रविवारी जाऊन म्हैस हलवतो आणि कळवतो.

---

चकाट्या | बुधवार

फोटो टाका. दगडाचा पण आणि म्हशीचा पण.